हात इथे, टोक तिथे

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. कोसा म्हणजे टसर रेशीम, ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अळीचं. विदर्भातल्या या विणकामाची ठळक खूण म्हणजे करवत काठ. या काठाच्या साड्यांना आणि कापडाला भौगोलिक मानांकन आहे. करवतीच्या दात्यांसारखी ही नक्षी छापलेली नसते की भरलेली नसते, ती विणीतच तयार होते. त्यासाठी तीन धोटे लागतात: दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आणि अंगाचा बाणा ज्या जागी एकमेकांत अडकतात, ती जागा धोट्याच्या दर फेकीला थोडी आत किंवा बाहेर सरकवली की दाता उभा राहतो.

असा काठ कागदावर आखायचा तर चौकटीचा कागद लागतो. एक घर म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा. आता हे काम संगणकावरही करता येतं, आणि त्यासाठी माऊसपेक्षा पेन टॅब्लेट कितीतरी सोयीचा. काळी सपाट पाटी टेबलावर ठेवायची, तिच्यावर खास पेन फिरवायचं आणि पडद्यावर रेघ उमटताना पाहायची. करोनाच्या टाळेबंदीत घरून शिकवणाऱ्या अनेक शिक्षकांनी हेच साधन घेतलं. चित्रकार, अक्षरकार, व्यंगचित्रकार तर ते कितीतरी आधीपासून वापरत आले आहेत.

या साधनाबद्दल बोलताना लोक पेनाचं बोलतात, पाटीच्या आकाराचं बोलतात, दाब किती पायऱ्यांनी मोजला जातो ते बोलतात. पडद्यावरच्या कर्सरचं मात्र कुणी बोलत नाही. मला वाटतं, सगळ्यात जास्त बोलायला हवं ते त्याच्याबद्दलच. पेन टॅब्लेटवर काम करणारा माणूस स्वतःच्या हाताकडे पाहत नाही. हात टेबलावर चालतो आणि नजर पडद्यावर असते. म्हणजे पेनाचं खरं टोक त्याला दिसतच नाही. जे दिसतं ते कर्सर. तो चुकीचा दाखवत असेल, जाडजूड असेल किंवा मागे राहत असेल, तर पेन कितीही महाग असलं तरी हात अडखळतोच.

हे नीट कळायला पाटीच्या आत काय चालतं ते पाहू. प्रचलित टॅब्लेटांपैकी बऱ्याच टॅब्लेटांत विद्युतचुंबकीय अनुनादाचं तत्त्व वापरलेलं असतं. १९८३ साली जपानमध्ये स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने ते चित्रकारांच्या टेबलापर्यंत पोचवलं. पाटीखाली तारांची बारीक जाळी असते. जाळी क्षणभर लहरी सोडते आणि क्षणभर ऐकते, असं तिचं आळीपाळीने चालू असतं. पेनात एक वेटोळं आणि एक धारित्र असतं. जाळीच्या लहरींनी ते कंप पावतं आणि उलट लहर परत पाठवतं. ती कोणत्या तारांवर किती जोरात आली यावरून टोकाची जागा कळते. टोक दाबलं की कंपनाची वारंवारता किंचित बदलते आणि त्यातून दाब मोजला जातो. पेनाला लागणारी ऊर्जा पाटीच पुरवते, म्हणून अशा पेनात बॅटरी नसते.

या रचनेचा एक परिणाम आपल्या विषयासाठी फार मोलाचा आहे. पेन पाटीला टेकलेलं नसतं, पण साधारण एक सेंटिमीटरच्या आत असतं, तेव्हाही पाटीला ते जाणवतं. टेकण्याआधीच टोक कुठे आहे ते कळतं, आणि म्हणूनच कर्सर दाखवता येतो. साध्या मोबाइलवर बोटाला कर्सर नसतो, कारण बोट टेकेपर्यंत फोनला त्याचा पत्ताच नसतो. पेनाची ही अधांतरी अवस्था म्हणजे रेघ ओढण्याआधी नेम धरण्याची वेळ. कर्सरचं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या अर्ध्या सेकंदातलं आहे.

माऊस वेगळ्या रीतीने चालतो. तो उचलून दुसरीकडे ठेवला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही, कारण माऊस फक्त किती सरकलो एवढंच सांगतो. पेन मात्र जागा सांगतं. पाटीचा डावा वरचा कोपरा म्हणजे पडद्याचा डावा वरचा कोपरा, असं ते थेट नातं असतं. माऊसवाल्याला बाण हरवला तर हलवून शोधता येतो. पेनवाल्याचा कर्सर पेन पाटीपासून दूर गेलं की शेवटच्या जागी थिजून राहतो आणि पेन परत जवळ आलं की एकदम नव्या जागी उगवतो. दर वेळी डोळ्याला तो नव्याने शोधावा लागतो. म्हणून पेनाचा कर्सर झटकन सापडणारा हवा, आणि एकदा सापडला की कामाच्या आड न येणाराही हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. या कामातलं सगळं कौशल्य त्यांचा मेळ घालण्यात आहे.

थोडा हिशेब करू. लहान आकाराच्या एका प्रचलित टॅब्लेटचं चालतं क्षेत्र १५२ × ९५ मिलिमीटर असतं. पडदा १९२० × १०८० पिक्सेलचा धरला, तर हात आडवा १ मिलिमीटर सरकला की कर्सर जवळपास १२.६ पिक्सेल सरकतो आणि उभा १ मिलिमीटर सरकला की ११.४. म्हणजे हाताने २० मिलिमीटरचं नेटकं वर्तुळ काढलं, तर पडद्यावर ते सुमारे २५३ पिक्सेल रुंद आणि २२७ पिक्सेल उंच होतं, हाताच्या नकळत आडवं पसरतं. टॅब्लेटच्या चालकप्रणालीत प्रमाण कायम ठेवण्याची सोय असते. ती चालू केली की खालची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी वाया जाते, पण वर्तुळ वर्तुळ राहतं. माझ्या मते नवशिक्याने पहिल्याच दिवशी हा बदल करावा. विणकराला हा प्रश्न परिचयाचा वाटेल. इंचात ताण्याचे ६० आणि बाण्याचे ५० धागे अशी वीण असेल, तर चौरस घरांच्या कागदावर काढलेली कोयरी कापडावर उभट उतरते. म्हणून कागदाची घरंच विणीच्या प्रमाणात आखावी लागतात.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. पेन अधांतरी धरलेला हात पूर्ण स्थिर राहत नाही. तो अर्धा मिलिमीटर जरी थरथरला तरी पडद्यावर सहा पिक्सेलांची हालचाल होते. त्यामुळे अतिशय बारीक, एकाच पिक्सेलचा कर्सर दिला म्हणजे अचूकता आली, हा समज खोटा आहे. तो कर्सर हाताची थरथर मोठी करून दाखवतो आणि माणूस घाबरून हात आवळतो. मोठा टॅब्लेट घेतला तर हाताचा एक मिलिमीटर कमी पिक्सेलांचा होतो आणि थरथर कमी दिसते. पण मोठी पाटी महाग असते. चित्र मोठं करून, म्हणजे झूम वाढवून काम करणं हा बिनखर्चाचा मार्ग.

आता त्या बाणाकडे वळू. आपल्या सर्वांच्या पडद्यावर जो डावीकडे कललेला बाण असतो, तो पेनासाठी घडलेला नाही. खरं तर पेनाची पाटी माऊसच्या जाहीर दर्शनाआधीची आहे. अमेरिकेत रँड संस्थेत टॉम एलिस आणि माल्कम डेव्हिस यांनी घडवलेल्या टॅब्लेटचा अहवाल १९६४ चा आहे. दहा इंच चौरस पाटी, इंचाला शंभर रेषा, आणि पेन कुठे आहे ते दाखवायला पडद्यावर एक ठिपका. हात खाली आणि नजर समोर, ही मांडणी तिथेच रुजली. त्याच्या एक वर्ष आधी इव्हान सदरलँड यांच्या स्केचपॅड या चित्रप्रणालीत प्रकाशलेखणी थेट काचेवर धरली जाई, आणि तिचा माग ठेवायला पडद्यावर एक फुली चमकत असे. पेनाचे सुरुवातीचे कर्सर ठिपका आणि फुली होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दोन्हींना टोक नेमकं आहे आणि दोन्ही कमी जागा झाकतात.

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्कोत माऊस लोकांपुढे मांडला. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो संगणक तयार झाला. त्याचा कर्सर १६ × १६ घरांचा, म्हणजे पिक्सेलांचा होता. इतक्या थोड्या घरांत सरळ उभा बाण नीट ओळखू येत नव्हता. म्हणून त्याची डावी कड सरळ उभी ठेवली आणि उजवी कड ४५ अंशांत उतरवली. चौकटींच्या जाळ्यावर ४५ अंशांची रेघ सगळ्यात स्वच्छ उमटते: एक घर आडवं, एक घर खाली, पुन्हा एक आडवं. २० किंवा ७० अंशांच्या रेघेला मात्र कमीजास्त लांबीच्या पायऱ्या पडतात आणि कड फाटल्यासारखी दिसते. करवत काठाच्या दात्याचा नियमही हाच आहे. फेकीमागे धागे सारख्याच संख्येने सरकले तर दात्याची धार सरळ येते, एखाद्या फेकीला चूक झाली की खाच दिसते. पडदा आणि माग ही दोन्ही जाळीच आहेत, आणि जाळीवरच्या तिरक्या रेघेचं गणित दोन्हीकडे एकच आहे.

बाण माऊससाठी चांगला आहे, कारण माऊसचं काम दाखवण्याचं आणि निवडण्याचं. पेनाचं मुख्य काम उमटवण्याचं. बाणाचं टोक डावीकडे वर असतं आणि त्याचं सगळं अंग उजवीकडे खाली पसरतं. देवनागरी आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. उकार, ऋकार, पुढचं अक्षर हे सगळं उजवीकडे आणि खालीच यायचं असतं. म्हणजे बाण नेमकी पुढची जागा झाकतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने पडदा-टॅब्लेट घेतला, म्हणजे थेट पडद्यावरच पेन टेकवायचं असेल, तर त्याचा हातही उजवीकडे खालीच असतो. तिथे बाण हाताखाली जातो आणि दिसतच नाही. दिसलेल्या थोडक्या टोकाचाही काही उपयोग नसतो, कारण त्याच जागी पेनाचं खरं टोक असतं. म्हणून विंडोजमध्ये पेन जवळ आलं की बाण लपतो आणि त्याजागी बारीकसा ठिपका येतो. पेन टेकवून धरलं तर भोवती एक कडं फिरतं आणि माऊसच्या उजव्या बटणाचं काम होणार आहे अशी सूचना मिळते. मला ही मांडणी विचारपूर्वक केलेली वाटते.

डावखुऱ्यांचा विचार मात्र फार थोड्या ठिकाणी केलेला आढळतो. डावखुऱ्याचं पेन उजवीकडे वर टोक करून असतं, त्यामुळे डावीकडे कललेला बाण त्याच्या हाताच्या दिशेशी भांडतो. क्रिता या मोफत चित्रप्रणालीत कर्सरच्या यादीत उजव्या हाताचा त्रिकोण आणि डाव्या हाताचा त्रिकोण असे दोन वेगळे आकार आहेत. गिंप या प्रणालीतही कोणता हात ते सांगता येतं. दोन्ही प्रणाल्यांमागे स्वयंसेवकांचीही मेहनत आहे, आणि अशी काळजी त्यांनी घेतली याचा मला आदर वाटतो.

पेनाच्या कर्सरने तीन गोष्टी खऱ्या सांगायला हव्यात: टोक कुठे आहे, ते किती रुंद उमटेल आणि कोणत्या दिशेने उमटेल. पहिली गोष्ट म्हणजे हॉटस्पॉट. कर्सरच्या चित्रातलं एकच घर खरं टोक मानलं जातं, बाकी सगळं सजावट. बाणाचा हॉटस्पॉट डाव्या वरच्या घरात असतो, फुलीचा मध्यभागी. स्वतः कर्सर करणाऱ्यांकडून इथेच घोटाळा होतो. पेन्सिलीचं सुंदर चित्र काढतात, पण हॉटस्पॉट पेन्सिलीच्या टोकाऐवजी चित्राच्या कोपऱ्यात राहतो. मग रेघ टोकापासून तीन पिक्सेल दूर उमटते आणि दोष हाताला दिला जातो.

दुसरी गोष्ट रुंदी. फोटोशॉपमध्ये कर्सरच्या पसंतीत नुसतं साधनाचं चित्र, नेमकी फुली, ब्रशची नेहमीची कड आणि ब्रशची पूर्ण कड असे पर्याय असतात. मऊ ब्रशची कड हळूहळू विरत जाते. नेहमीच्या पर्यायात वर्तुळ तिथे काढलं जातं जिथे परिणाम अर्ध्यावर आलेला असतो. त्यामुळे रंग वर्तुळाबाहेरही थोडा सांडतो, आणि नवख्याला ती चूक वाटते. पूर्ण कडेचा पर्याय घेतला तर वर्तुळ मोठं दिसतं, पण रंग त्याबाहेर जात नाही. कड सांभाळून रंगवायची असेल, म्हणजे काठाच्या दात्याबाहेर एक थेंबही जायला नको असेल, तर हा दुसरा पर्याय बरा. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं की वर्तुळाची फुली होते. कित्येकांचं वर्तुळ असंच नकळत हरवतं आणि प्रणाली बिघडली असं वाटून लोक ती पुन्हा बसवतात.

दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होणार असेल तर रुंदी दाखवणं आणखी अवघड होतं. पेन अधांतरी असताना दाब शून्य असतो. मग वर्तुळ कोणत्या रुंदीचं दाखवायचं? बहुतेक प्रणाल्या कमाल रुंदी दाखवतात, म्हणजे जोर दिला तर इथपर्यंत जाशील असं सांगतात. माझी पसंती दोन वर्तुळांना आहे: बाहेर फिकट कमाल रुंदी आणि आत बारीक ठिपका, नेम धरायला. ब्रश फार लहान असेल तर वर्तुळ काढण्यात अर्थच नसतो. अशा वेळी फोटोशॉप आपणहून फुली दाखवतो, ते योग्यच आहे.

तिसरी गोष्ट दिशा. इथे आपल्या लिपीचा प्रश्न येतो. बोरूने किंवा चपट्या टोकाच्या कलमाने लिहिलेल्या देवनागरीचा सगळा डौल जाड-बारीक रेषांत असतो, आणि तो जाडपणा कलमाच्या कापावरून ठरतो. रोमन सुलेखनाच्या कलमापेक्षा देवनागरीच्या कलमाचा काप उलट्या बाजूला कललेला असतो, त्यामुळे अक्षरातल्या जाड आणि बारीक जागा बदलतात. र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवताना आणि पुढे मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा टंक करताना देवनागरीच्या वळणाचा हाच आग्रह पडद्यापर्यंत नेला. अशा कलमाचा कर्सर गोल दाखवणं म्हणजे अक्षरकाराला अर्धीच माहिती देणं. त्याला हवी असते एक तिरकी रेघ, कलमाच्या कापाएवढी लांब आणि त्याच कोनात. लेखणी टेकण्याआधीच कळायला हवं की शिरोरेषा केवढी जाड येईल आणि काना कुठे बारीक होईल.

काही पेनं कलही मोजतात, साधारण ६० अंशांपर्यंत. वॅकॉमचं एक खास पेन स्वतःभोवती फिरवलेलंही ओळखतं. असं पेन बोटांत वळवलं की कर्सरची तिरकी रेघही तितकीच वळली पाहिजे. क्रितामध्ये ब्रशचा खरा आकार बाह्यरेषेने दाखवण्याची सोय आहे आणि कल दाखवण्याचीही. देवनागरी सुलेखन शिकणाऱ्याने ती बाह्यरेषा चालू ठेवावी. फिरणारं पेन नसेल तर ब्रशचा कोन प्रणालीत एकदाच पक्का करून टाकावा. कोन पक्का असला की नजर दर वेळी नव्याने हिशेब करत बसत नाही.

आता रंग. पडद्यावर काळं, पांढरं, करडं, भडक असं काहीही असू शकतं, आणि कर्सर त्या सगळ्यावर दिसायला हवा. जुना उपाय उलट्या रंगाचा. खालचा रंग जो असेल त्याचा विरोधी रंग कर्सर घेतो: काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा. १९८४ च्या मॅकिन्टॉशच्या १६ × १६ घरांच्या कर्सरमध्ये प्रत्येक घर काळं, पांढरं, पारदर्शक किंवा उलटं करता येत असे. पण या उपायाला मोठी खोट आहे. संगणक रंग ० ते २५५ अशा आकड्यांत ठेवतो. मधल्या करड्याचा आकडा १२८, आणि त्याचा उलटा १२७. म्हणजे कर्सर पूर्ण नाहीसा होतो. कोशाचा नैसर्गिक रंग मधासारखा, तपकिरीकडे झुकणारा. त्याची गडद छटा पडद्यावर लाल १४०, हिरवा १२५, निळा १०५ अशी धरली, तर उलटा रंग ११५, १३०, १५० होतो. उजेडात दोन्ही जवळपास सारखेच. कोशाच्या कापडाचं चित्र उघडून त्यावर काम करणाऱ्याला असा कर्सर शोधत बसावं लागेल.

साधा आणि भरवशाचा उपाय म्हणजे दुहेरी कड. आत एक पिक्सेलची काळी रेघ, बाहेर एक पिक्सेलची पांढरी. खाली कोणताही रंग असो, दोघींपैकी एक उठून दिसतेच. विंडोजचा पांढरा बाण काळ्या किनारीचा आणि मॅकचा काळा बाण पांढऱ्या किनारीचा, ते याचसाठी.

काही जण कर्सर लाल किंवा पोपटी करतात. शिक्षकाने ते करायला हरकत नाही. वर्गाला बाण दिसणं हेच तिथे काम आहे, आणि विंडोजमध्ये बाणाचा आकार व रंग बदलण्याची सोयही आहे. रंग निवडणाऱ्याने मात्र ते टाळावं. पॅरिसच्या गोब्लाँ या सरकारी विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रल यांच्याकडे काळ्या रंगाबद्दल तक्रारी यायच्या. त्यांनी तपासलं तेव्हा दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्याच्या रंगामुळे काळा फिका वाटत होता. १८३९ साली त्यांनी शेजारच्या रंगांच्या या परस्पर परिणामावर ग्रंथ लिहिला. भडक पोपटी वर्तुळाच्या आतला कोसा डोळ्याला थोडा लालसर वाटणारच. म्हणून रंगाच्या कामात कर्सर काळा-पांढराच ठेवावा.

वेळेचाही प्रश्न आहे. चांगला टॅब्लेट सेकंदाला २०० वेळा टोकाची जागा कळवतो, पण सामान्य पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो. एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर या वेगाने फिरत असेल, तर तेवढ्या वेळात तो पाच मिलिमीटर पुढे गेलेला असतो. तीन चित्रांएवढा उशीर झाला तर दीड सेंटिमीटर. बहुतेक संगणकांत कर्सर चित्रपटलावर स्वतंत्रपणे काढला जातो आणि रेघ चित्रप्रणाली काढते. त्यामुळे कर्सर थोडा पुढे आणि रेघ थोडी मागे, असं होतं. डोळ्याला दोन टोकं दिसतात आणि हात कोणत्या टोकाचं ऐकावं या गोंधळात पडतो. म्हणून पेन टेकलं की कर्सर पुसट करणं किंवा लपवणं चांगलं. रेघ सुरू झाल्यावर रेघेचं टोकच कर्सर होतं. थरथर कमी करायला रेघ मुद्दाम मागे ठेवणाऱ्या प्रणाल्यांत मात्र उलट करावं. तिथे पेनाची जागा आणि रेघेचं टोक दोन्ही दाखवून त्यांना बारीक दोरीने जोडलेलं असावं, म्हणजे उशीर मुद्दाम आहे हे समजतं.

करवत काठासारखी चौकटींवरची नक्षी काढायची असेल तर वरचं बरंचसं बाजूला ठेवून वेगळाच कर्सर हवा. विणकामाच्या आखणीत दोन घरांच्या मधली जागा अस्तित्वातच नाही. धागा एक तर वर असतो किंवा खाली. तेव्हा ठिपका, फुली, वर्तुळ यांऐवजी ज्या घरात टोक आहे ते अख्खं घरच कर्सर व्हावं, दुहेरी किनारीने उठावलेलं. त्या घरातून जाणारी उभी आणि आडवी पट्टी फिकट दाखवावी, म्हणजे कोणता ताणा आणि कितवी फेक ते कडेच्या आकड्यांवर वाचता येईल. करवतीचा दाता मोजूनच काढायचा असतो, अंदाजाने नाही. म्हणून कर्सरच्या शेजारी मागच्या फेकीपेक्षा किती घरं सरकलो हा आकडा दिसला, तर चुकलेली पायरी मागावर जाण्याआधीच सापडेल.

इथे थरथरीचा बंदोबस्तही करावा लागतो. टोक दोन घरांच्या रेघेवर असलं की सहा पिक्सेलांच्या थरथरीने उठावलेलं घर एकदा इकडचं, एकदा तिकडचं होत लुकलुकत राहतं. उपाय असा की टोक शेजारच्या घरात चांगलं आत, घराच्या पाव भागापर्यंत गेल्याशिवाय कर्सरने जुनं घर सोडू नये. पडद्यावरचं घर निदान २४ पिक्सेलांचं होईल इतका झूम ठेवला, तर पाव भाग सहा पिक्सेलांचा होतो आणि थरथर त्यातच जिरते. अशी सोय असलेली प्रणाली नसेल तर कोणत्याही चित्रप्रणालीत जाळी चालू करून, चौकोनी ब्रश बरोबर एका घराएवढा करून आणि जाळीला चिकटण्याचा पर्याय निवडून बरंच साधता येतं.

स्वतःचा कर्सर करणं अवघड नाही. विंडोजवर ३२ × ३२ घरांचं चित्र पुरतं. मोठ्या घनतेच्या पडद्यासाठी त्याच फायलीत ४८ आणि ६४ घरांची चित्रंही घालावीत, नाहीतर संगणक लहान चित्र ताणून मोठं करतो आणि कड धुरकट होते. रिअलवर्ल्ड कर्सर एडिटरसारखी मोफत प्रणाली यासाठी आहे. कलमासाठी करायचा असेल तर पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून मध्यभागी कापाच्या कोनातली रेघ काढावी, काळी, पांढऱ्या किनारीची. जमेल तर ४५ अंशांची, पायऱ्या स्वच्छ येतात. हॉटस्पॉट रेघेच्या बरोबर मध्यावर द्यावा. मग कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसच्या खिडकीतलं पॉइंटर्स नावाचं पान उघडावं. तिथे वेगवेगळ्या प्रसंगांच्या कर्सरांची यादी असते, आणि तिच्यात हस्तलेखनाची एक वेगळी ओळही असते. नेमक्या निवडीची ओळ आणि ही ओळ, या दोन बदलाव्यात. साधा बाण तसाच राहू द्यावा, कारण फायली उघडणं आणि बटणं दाबणं ही कामं बाणानेच नीट होतात.

शेवटी तपासणी. काळा, पांढरा, मधला करडा आणि कोशाच्या दोन-तीन छटा अशा पट्ट्या एका चित्रात काढाव्यात आणि पेन अधांतरी धरून कर्सर सगळ्यांवरून फिरवावा. मग एकेका पट्टीत एक ठिपका ठरवून त्यावर नेम धरून टोक टेकवावं, डोळे मिटून उघडावेत, पुन्हा टेकवावं. उमटलेले ठिपके सगळ्या पट्ट्यांत एकाच बाजूला सरकलेले असतील तर हॉटस्पॉट चुकला आहे. चहूबाजूंनी विखुरलेले असतील तर कर्सर ठीक आहे, झूम वाढवायला हवा. आणि करड्यावरच जास्त विखुरले असतील तर किनार आणखी एका पिक्सेलने जाड करायची.